दुपारचा तारा

६ जानेवारी

वन्सं,

तुमचे दादा म्हणतात, तिला कशाला त्रास देतेस, तिचा अभ्यास चाललाय. म्हणून हे पत्र त्यांना न दाखवता लिहितेय आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. आठवड्यातून एकदा ती गाडी इथून तुमच्या विद्यापीठात जाते, तीच आमची पोस्ट. ऑफिसात वायरचा एक फोन आहे, पण तिथे साहेब बसलेले असतात. घरचं बोलायला लागलं की घड्याळाकडे बघतात.

ही नोकरी तुम्हीच सुचवलीत दादांना. विद्यापीठाची तबकडी आहे, आकाशातला आवाज ऐकते, मेकॅनिक हवाय, क्वार्टर मिळेल, हवा छान आहे. हवा छानच आहे. पण तबकडीला बाहेरचा कसलाही आवाज चालत नाही, हे तुम्ही शेवटी सांगितलंत. आवाज म्हणजे कानाला येतो तो नाही, लहरी का काय म्हणता ते. मोबाइल नाही, वायफाय नाही, ओव्हन नाही, रिमोटची मोटार नाही. फाटकावर पाटी आहे, एकेका वस्तूचं चित्र आणि त्यावर लाल फुली. आणि असलं काही कुणाकडे चालू नाही ना, हे बघायचं काम तुमच्या दादांचं. म्हणजे मेकॅनिकही तेच आणि पोलीसही तेच. कॉलनीत माझ्याशी कोण मोकळं बोलणार?

ते जाऊ दे. मी बाळीसाठी लिहितेय.

दीड महिना आधी झालेली पोर, तुम्ही बघितलीच आहे, मांजराच्या पिल्लाएवढी. आता भरतेय. पण मागच्या महिन्यात दुपारी झोपली होती आणि मी सहज बघितलं तर ओठ निळसर. छाती हलत नव्हती. मी उचलून हलवलं तेव्हा रडली. दादा कामावर होते. आले तोवर ती हसत होती, म्हणून त्यांनी मलाच वेड्यात काढलं. तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाले, बाळ छान आहे, आईला झोप द्या. आईला! मी काय झोपेसाठी आठ कोस गेले होते?

पण तिथली नर्स बरी होती. तिच्या सांगण्यावरून दुकानातून एक डबी आणली. चिमट्यासारखी असते, लंगोटाला लावायची. बाळाचं पोट हललं की फळीवर ठेवलेल्या तिच्या जोडीच्या डबीवर हिरवा दिवा लुकलुकतो. फार वेळ हललं नाही तर बोंबलते. अजून बोंबललेली नाही. पण मी बघते ना, पोर भरभर श्वास घेते, मग थांबते. मी मनातल्या मनात देवाला हाका मारते, तोवर परत सुरू. एवढ्याशा वेळात डबी बोंबलत नाही. आणि मी बोंबलले की सगळे म्हणतात, घाबरट आहेस.

तुमच्या विद्यापीठाला मोठं हॉस्पिटल आहे. तिथे लहान मुलांच्या डॉक्टरांना विचाराल का, की बाळ असं थांबतं का? एवढंच काम आहे. मी शिकलेली नाही, मला नीट विचारता येत नाही, तुम्हाला येईल.

इथे मोठं माणूस कुणी नाही नमस्कार सांगायला, आणि लहान एकच आहे. तिला तुमच्या नावाने पापा दिला.

तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं, छान वाटलं. बाळी भरतेय हे वाचून तर फारच. तिला आत्याकडून खूप खूप.

मी कशी आहे विचारू नकोस. कमिटीने शेवटी तबकडीवर मला वेळ दिला, पण दुपारचा, कारण चांगल्या वेळा मोठ्या लोकांना. मी काही तक्रार केली नाही. माझा तारा दुपारीच डोक्यावर असतो आणि लहरींना उजेडाशी काही देणंघेणं नाही. इथे बसून संगणकावर बघते. आमच्या मॅडम म्हणतात, हे निरीक्षण नीट झालं तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होईल आणि मी सुटेन. सहा वर्षं झाली, वहिनी! माझ्या बरोबरीच्या मुली स्वतः मॅडम झाल्या.

आणि आता ऐक. माझ्या निरीक्षणात कचरा येतोय. दुपारी, नेमका माझ्याच वेळेत. बारीक टिकटिक. तबकडीच्या स्टेशनवर कुणीतरी काहीतरी लपवून वापरतंय, मी शपथेवर सांगते. दादाला मी ऑफिसातर्फे कळवलंय, पण दादा म्हणजे दादा. त्याला समोरचा हत्ती दिसत नाही. तू घरी असतेस, तुला कॉलनीतलं सगळं कळतं. जरा डोळे उघडे ठेव. कुणाकडे नवीन वस्तू आलीय? कुणाची मुलं रिमोटची खेळणी आणतात? गुपचूप कळव. माझं सगळं यावर अडलंय.

आणि तू जरा झोपत जा ग. दादाने मागे फोनवर सांगितलं होतं की तू फार काळजी करतेस.

तुझी नणंद


२२ जानेवारी

वन्सं,

बाळी मजेत आहे असं मी कुठे लिहिलं होतं? आणि डॉक्टरांना विचारलंत का? पत्र वाचलंत की नुसतं वास घेऊन ठेवलंत?

बरं, तुमचं काम आधी सांगते, नाहीतर तुम्ही माझं पुढे वाचणार नाही.

तुमच्या दादांनी कॉलनी उलटीपालटी केली. मेसच्या स्वयंपाक्याचा गॅस पेटवायचा चापवाला लायटर जप्त केला. तो बिचारा आता काडेपेटी घेऊन फिरतो आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवतो. स्टोअरकीपरच्या बायकोचं इलेक्ट्रिक घड्याळ काढून नेलं. ती मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझे दात पण घेऊन जा, रात्री वाजतात." आमचा फ्रिज दुपारी बंद ठेवायला लावला, दूध फाटलं. मी म्हटलं, अहो, फ्रिज वर्षभरापासून आहे, टिकटिक आत्ता आली ना? तर म्हणाले, तुला यातलं काय कळतं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच गुपचूप चालू केला.

वेल्डरच्या मुलाकडे एक उडणारी बाहुली होती. ती फाटकावरच काढून घेतली होती. बाकी नवीन वस्तू कुणाकडे नाही. पाटीवर चित्र असलेली एकही वस्तू कुणाच्या घरात नाही, मी स्वतः दोन घरांत चहाच्या निमित्ताने जाऊन बघून आले. मला लाज वाटली. चहा प्यायले आणि कपाटात डोकावले.

आता माझं. परवा परत झालं. यावेळी दादा घरी होते, पण पेपर वाचत होते. मी म्हटलं बघा, बघा. त्यांनी पेपर खाली ठेवेपर्यंत पोर परत नीट. मला म्हणाले, "तू टक लावून बघत बसलीस तर कुणाचाही श्वास थांबेल."

वन्सं, मला भीती वाटते. आंधळी भीती नाही. मी बघते म्हणून वाटते. तुमच्या हॉस्पिटलात एकदा जा. तुमच्या खोलीपासून चालत जाता येईल म्हणे.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

बस खाली. उभी असशील तर बस.

तो कचरा नाही! मी तीन आठवडे त्याला शिव्या घालतेय आणि तो कचरा नाहीच. तू लिहिलंस की कॉलनीत काहीच नाही, दादाने पण लेखी दिलं. मग मी तबकडी बाजूला वळवून बघितली, तर टिकटिक हलकी होते. परत जागेवर आणली की जोरात. म्हणजे वरून येतेय. तुला समजेल असं सांगते. काही तारे मेल्यावर गरगर फिरतात, आणि दीपगृहाचा झोत फिरतो ना, तशी दर फेरीला आपल्याकडे एक टिक येते. ते ठेका चुकत नाहीत, घड्याळाला लाजवतील. पण हा माझा तारा वेगळा आहे. हा ठेका धरतो, मग जरा घाईला येतो, मग मध्येच गप्प. एकदम गप्प. मला वाटतं गेला. आणि मग परत भरभर सुरू, जणू काही धावत आलाय! असं कुठलाच तारा करत नाही. मी सगळ्या विभागाला सांगितलं. वरच्या मजल्यावरचे म्हातारे सर, जे कुणाला नमस्कारही करत नाहीत, ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

मॅडम मात्र खवट. "आधी खाली बघ, मग वर," म्हणाल्या. त्यांनी हुंगणारी गाडी मागवलीय, म्हणजे लहरी कुठून येतात ते शोधणारी गाडी, टपावर काड्यांचं झाड असलेली. ती तुमच्याकडे पुढच्या आठवड्यात येईल. काही सापडणार नाही, पण येऊ दे. त्यांना फक्त सांग, दुपारी कॉलनीत काय काय चालू असतं. मला पण लिही, टिपणात घालायचंय.

बाळीचं म्हणशील तर माझ्या शेजारच्या खोलीतली सांगत होती, तान्ही बाळं अशीच श्वास घेतात, तिच्या बहिणीचं पण असंच होतं. डॉक्टरकडे जायला खरंच वेळ नाही झाला. हे निरीक्षण संपलं की नक्की.

तुझी (कदाचित ताऱ्याला नाव देणारी!) नणंद


९ फेब्रुवारी

वन्सं,

दुपारी कॉलनीत काय चालतं? काही चालत नाही. पुरुष कामावर, मुलं शाळेत, बायका पाठ टेकतात. आमच्या घरात बाळी झोपते आणि मी तिच्या पाळण्याशी बसून भाजी निवडते. टिपणात घाला, भाजी निवडतात.

तुम्हाला आनंद झाला, मला पण व्हायला हवा. झाला असता. पण तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं, आता स्पष्टच लिहिते, राग मानायचा तर माना.

तुमचा तारा ठेका धरतो, घाईला येतो, मध्येच गप्प होतो, तुम्हाला वाटतं गेला, आणि परत भरभर सुरू होतो. हेच, अगदी हेच मी तुम्हाला एक महिना लिहितेय! माझी पोर करते हे! दुपारी झोपली की करते! तो आकाशातला मेलेला तारा गप्प झाला तर म्हातारे सर जिना उतरून येतात, अख्खा विभाग गोळा होतो, तबकडी वळवतात, गाडी मागवतात. आणि इथे जितीजागती पोर गप्प होते तर तिचा बाप पेपर वाचतो, डॉक्टर म्हणतो झोपा, आणि आत्या म्हणते शेजारणीच्या बहिणीचं पण असंच होतं. शेजारणीच्या बहिणीचा तारा होता का? मग ताऱ्याला का नाही म्हणत, असंच असतं, जाऊ दे?

मी कमी शिकलेली आहे म्हणून मला कळत नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. ठीक आहे. पण मला मोजता येतं. तुमच्या ताऱ्याच्या गप्प राहण्यासाठी तुमच्याकडे मशीन आहे. माझ्याकडे डबीचा हिरवा दिवा आहे आणि दोन डोळे, ते पण आता लाल झालेत.

तुमचा तारा अजून पुष्कळ वर्षं टिकणार आहे. मी एवढंच म्हणते.

वहिनी


१२ फेब्रुवारी, घाईत

वहिनी,

मी आत्ताच तुझं पहिलं पत्र परत वाचलं. परत नाही, पहिल्यांदा वाचलं.

डबी काढू नकोस. कुणी काहीही म्हणो, काढू नकोस.

तुझं परवाचं पत्र वाचता वाचता मी उठून संगणकाकडे गेले. टिक दर दीड सेकंदाला, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या श्वासासारखी. तारा नाही ग तो. लंगोटाच्या चिमट्यातून फळीवरच्या डबीकडे प्रत्येक श्वासाला एक खूण जाते, ती खूण बिनतारीच असते, आणि तबकडी माझ्या ताऱ्याकडे वळवली की तिची जी बाजू तुमच्या क्वार्टरकडे येते, त्या बाजूने ती सगळी आत शिरते. मी चार आठवडे बाळीचा श्वास ऐकतेय. आणि त्याचे आलेख काढून भिंतीवर लावलेत.

ती थांबते. तू म्हणतेस तशीच. डबी ओरडायच्या थोडं आधी परत सुरू होते, म्हणून ती कधी ओरडली नाही. आणि वहिनी, पहिल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त वेळ थांबतेय. मी याला "ताऱ्याची विश्रांती" असं नाव दिलं होतं. मला माझंच तोंड बघवत नाही.

आलेख घेऊन मी हॉस्पिटलात गेले. लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी ते हातात घेतले आणि हा तारा कुठला वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, "बाळ कुठे आहे?" लगेच आणा म्हणाल्या.

तुमच्या ऑफिसात फोन केला, साहेब म्हणाले निरोप देतो. त्या माणसाचा भरवसा नाही, म्हणून ड्रायव्हरला थांबवून हे पत्र देतेय. दादाला हे दाखव. तो गुरगुरला तर त्याला म्हणावं, बहिणीने आलेख काढलाय. माझं नाही ऐकलं तरी आलेखाचं ऐकेल. गाडी मिळाली तर गाडी, नाही मिळाली तर ट्रक. या.

मी हॉस्पिटलच्या दारात आहे.


२८ फेब्रुवारी, तुझ्याच क्वार्टरमधून

वहिनी,

तू माझ्या खोलीत आणि मी तुझ्या घरात. डॉक्टरबाईंनी तीन महिने हॉस्पिटलच्या जवळ राहा म्हटल्यावर हेच सोयीचं होतं, हे मीच म्हटलं. पण तुझा नवरा म्हणजे माझा सख्खा भाऊ आहे आणि मी त्याच्याबरोबर आठवडाभर राहिले, एवढंच सांगते. चहाचा कप जिथे पितो तिथे ठेवतो. काल खिडकीच्या गजात सापडला.

मी इथे परत निरीक्षण करायला आलेय, कारण आधीचं सगळं बाद. हे विभागात सांगायला मला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. म्हटलं, तारा नाही, माझी भाची आहे. कुणी हसलं नाही, तेच फार लागलं. म्हातारे सर म्हणाले, "पण निरीक्षण अचूक होतं." मॅडम म्हणाल्या, "अचूक होतं, फक्त कशाचं ते बघितलं नाही." नंतर त्यांनी आलेख माझ्याकडून मागून घेतले आणि स्वतः जाऊन डॉक्टरबाईंना दिले. प्रबंध सहा महिने पुढे गेला. जाऊ दे. इथे आता दुपारी टिकटिक येत नाही. इतकं स्वच्छ येतं की मला बघवत नाही. मी सारखी थांबून वाट बघते.

बाळीचं लिही. सगळं लिही, कितीही लांब झालं तरी. औषधाने फरक आहे का? आणि दादाला विचारलं, त्या दिवशी गाडीत काय झालं, तर म्हणाला, "काय होणार, पोचलो." तू सांग.

तुझी नणंद


८ मार्च

वन्सं,

ही खोली आहे की रद्दीचं दुकान? दूध तापवायला एक धड पातेलं नाही, पण पेन अठरा. पलंगाखाली झाडू फिरवला तर तुमचा हरवलेला चष्मा निघाला. इथून मोबाइल लागतो, पण तुम्हाला लावता येत नाही, म्हणजे तुम्ही तबकडीखाली जाऊन बसलात तरी मी लिहीतच राहायचं! आपलं नशीबच असं.

बाळीचं आधी. औषध लागू पडतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी झालेली पोर, मेंदूला श्वासाची सवय पुरती लागलेली नाही, ती लागेल. तोवर औषध, आणि ते औषध म्हणजे कॉफीत असतं तेच! पोरीला कॉफी आणि आईला म्हणतात, कॉफी कमी प्या, दुधातून उतरते. थांबणं कमी झालंय. दिवसातून कधीतरी. त्यांनी त्यांचं मशीन लावून बघितलं, हा नुसता माझा शब्द नाही.

आता त्या दिवसाचं. दादा म्हणाले, "पोचलो." हे म्हणजे लग्नाचं वर्णन "जेवलो" असं करण्यासारखं आहे. ऐका.

तुमचं पत्र यायच्या आधी हुंगणारी गाडी आली. दोघं होते. एक लठ्ठ, गाडी चालवणारा. दुसरा काटकुळा, कानांवर ऐकायच्या वाट्या, हातात काड्यांची काठी. कॉलनीभर हुंगत हुंगत आमच्या दारात. मागे साहेब, त्यांच्या मागे तुमचे दादा, दादांच्या मागे स्वयंपाकी, त्याला बघायचंच होतं. काटकुळा म्हणाला, "बाई, घरात काय चालू आहे?"

"भांडी."

"भांडी बोलत नाहीत. काहीतरी बोलतंय."

फ्रिजपाशी काठी नेली, नाही. फळीपाशी नेली, मान हलवली. मग पाळण्यावर धरली आणि त्याचे डोळे गोल झाले. साहेबांकडे वळून म्हणाला, "सर, हे मूल प्रसारण करतंय."

स्वयंपाकी एवढ्या जोरात हसला की बाळी दचकली. दादांचा चेहरा पांढरा. मला म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, "अहो, गेल्या महिन्यात याचे सेल तुम्हीच बदललेत!" वन्सं, खरंच बदलले होते. अख्ख्या कॉलनीचे लायटर आणि घड्याळं जप्त करणारा माणूस आपल्याच घरात आपल्या हाताने सेल घालून बसला होता. त्यांना वाटलं, तापमापकासारखं काहीतरी असेल. बाळाच्या वस्तूकडे कुठला बाप नीट बघतो?

साहेब म्हणाले, ताबडतोब बंद करा. मी पाळण्यापुढे उभी राहिले. म्हटलं, मला आधी बंद करा. दादा म्हणाले, "अगं, माझी नोकरी..." आणि मी म्हटलं, "जाऊ दे नोकरी." असं मी त्यांना आजपर्यंत कधी बोलले नव्हते. साहेब हात पुढे करणार, तेवढ्यात ड्रायव्हर धावत तुमचं पत्र घेऊन आला.

दादांनी मोठ्याने वाचायला घेतलं. "डबी काढू नकोस," इथपर्यंत रुबाबात. मग आवाज उतरत गेला. "जास्त वेळ थांबतेय" इथे थांबले. कागद साहेबांच्या हातात दिला आणि पायात चपला न घालताच बाहेर गेले, गाडी बघायला. साहेबांनी पूर्ण वाचलं. निरोप द्यायला विसरले होते ना, मान वर करायला जागाच नव्हती.

ड्रायव्हरच्या गाडीत डिझेल तळाला गेलं होतं. काटकुळा म्हणाला, "आमच्यात बसा." म्हणून तुमची भाची हुंगणाऱ्या गाडीतून विद्यापीठात आली. दादा पुढे लठ्ठ्याशेजारी, मी मागे, पोर मांडीवर, समोर त्यांची मशीनं. आणि मशीन चालूच होतं. पडद्यावर रेघ, आणि बाळीच्या प्रत्येक श्वासाला रेघेवर एक टेंगूळ. मी बघितलं आणि मला रडू आलं. महिनाभर मी एकटी मोजत होते, आणि तिथे ते सगळ्यांना दिसत होतं.

काटकुळा रस्ताभर त्या रेघेला डोळे लावून बसला. आधी हसत होता. मग एका वळणावर टेंगळं थांबली. त्याचं हसू थांबलं. "बाई," म्हणाला, "हलवा." मी तळव्याला टिचकी मारली, परत सुरू. त्यानंतर तो वाटभर बोलत आला, "आहे. आहे. चालू आहे. आहे." घसा बसला त्याचा. पुढून लठ्ठ्याने विचारलं, चहाला थांबू या का, तर दोघं, तुमचे दादा आणि काटकुळा, एकदम खेकसले. दादांनी सबंध रस्ता मान वळवून त्या पडद्याकडे बघितलं. पेपर वाचताना बघतात ना, त्यापेक्षा लक्ष देऊन. उतरताना मला म्हणाले, "तू हे रोज बघत होतीस?" त्याचं उत्तर आता देते. त्यांना म्हणावं, कप जागेवर ठेवायला लागा, तिथून सुरुवात करू.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही दारातच होतात. तुमच्या पायात पण दोन वेगळ्या चपला होत्या, ते मी तेव्हा बोलले नाही.

तुमच्या मॅडम येऊन गेल्या. मला वाटलं रागावतील, तुमचं सगळं बुडालं म्हणून. त्यांनी बाळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिने माझ्या विभागाचे चार आठवडे खाल्ले." मग तिचं बोट धरून बसल्या. चहा नको म्हणाल्या, मग दोन कप प्यायल्या.

काल खालच्या खोलीतली मुलगी तणतणत वर आली. तीही तुमच्यासारखीच, परीक्षा जवळ आलेली, केस बांधलेले नाहीत, डोळे खोल गेलेले. म्हणाली, मध्येच वरून काय बीप बीप येतं, मला वाचता येत नाही. इथे डबी जरा लवकर ओरडेल अशी लावून दिलीय ना डॉक्टरबाईंनी. मी म्हटलं, या, आत येऊन सांगा, मला ऐकू येत नाही. आत आली, पाळण्यात बघितलं, आणि ओरडायचं विसरली. मी तिला सांगितलं हिरवा दिवा काय आणि थांबली तर काय करायचं. टिचकी कशी मारायची ते दाखवलं. तिने मला ते दोनदा करून दाखवायला लावलं, मग स्वतः करून बघितलं. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं. मग खुर्ची ओढून बसली, पुस्तक मांडीवर, एक डोळा पुस्तकावर आणि एक दिव्यावर. म्हणाली, "काकू, तुम्हाला काही करायचं असेल तर करा, मी आहे."

काकू! मी तिच्याएवढीच असेन. टॉवेल घेतला आणि बाथरूममध्ये गेले. बाळी झाल्यापासून पहिल्यांदा, वन्सं, मी दाराला आतून कडी लावली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. पाणी कानांत भरलं, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तुमची वहिनी